काचेच्या बरणीतील गोगलगाय



‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बिलंदर अशा माणसासाठी वापरतो. शास्त्राच्या दृष्टीनेही ती खोटी नाही. गोगलगायीचे पोट हेच तिचे पाऊल. म्हणून प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या वर्गाला ‘उदरपाद’ असे नाव आहे. हे पाऊल काचेवरून कसे सरकते, तोंडातली खरखरीत जीभ काचेवरचे शेवाळ कशी खरवडून काढते, हे आपल्या शाळेतील मुलांना रोज पाहता येईल. त्याला मोठा खर्च नको. लोणच्याची मोठी काचेची बरणी, तळाला बोटभर धुतलेली वाळू, पाणवनस्पतीच्या दोन काड्या आणि पाणी, एवढ्यावर काम भागते. बरणी उजेडात असावी, पण उन्हात नको.

पाणी नळाचे किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे असेल, तर ते उघड्या भांड्यात दोन दिवस राहू द्यावे. हिंगोली, औंढा, कळमनुरीकडच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. गोगलगायीला मात्र तेच मानवते, कारण शंख बांधायला लागणारे चुन्याचे क्षार तिला पाण्यातून आणि अन्नातून मिळवावे लागतात. शंखावर खळगे पडू लागले, तर अंड्याचे टरफल उकळून, चुरून बरणीत टाकावे. विड्याचा चुना मात्र चिमूटभरही टाकू नये. तो पाण्यात विरघळून दाहक होतो आणि जीव जातो. तांब्याचे भांडेही नको. तांबे या प्राण्याला विषच आहे. ज्या बादलीत फवारणीचे मोरचूद कालवले, ती कितीही धुतली तरी या कामाला घेऊ नये.

आता गोगलगाय आणायची कोठून? कयाधूच्या डोहात, सिद्धेश्वरच्या कालव्याकाठी, गावतळ्यात त्या आहेतच. मेंढ्याच्या शिंगासारखी चपटी वळलेली एक असते. तिच्या रक्तात आपल्यासारखाच लाल रंग असतो. टोकदार, पातळ शंखाची दुसरी. ती श्वास घ्यायला वर येते. तिसरी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी होते, आणि तिला दार असते, म्हणजे शंखाचे तोंड मिटणारे झाकण.

पण मुलांना तळ्यात हात घालून त्या गोळा करायला सांगू नका. याचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या गोठ्याशीही निगडित आहे. म्हशीच्या, शेळीच्या गळ्याखाली सूज येते, जनावर खंगत जाते, आणि पुढे काळजात पानासारखे चपटे जंत सापडतात. या जंतांची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. त्यातून निघालेली पिल्ले टोकदार शंखाच्या गोगलगायीत शिरतात, तिच्या अंगात वाढून शेकड्यांनी बाहेर पडतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. ते गवत जनावर खाते. म्हणजे मधली गोगलगाय नसेल, तर हा जंत पुढे जाऊच शकत नाही. माणसाचेही असेच. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथील काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी त्याचे कारण एका रक्तकृमीत शोधले, आणि त्या कृमीला आसरा देणारी म्हणून ओढ्यातली एक अगदी बारीक, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय पुढे आली. असा रोग आपल्याकडे आहे असे मी म्हणत नाही. तळ्यातली गोगलगाय आत काय बाळगून आहे, हे वरून दिसत नाही, एवढेच लक्षात असू द्यावे.

यावर उपाय सोपा आहे. गोगलगाय आणू नका, तिची अंडी आणा. पाण्यातल्या पानांच्या खालच्या बाजूला साबुदाण्याच्या खिरीसारखी चिकट, पारदर्शक पट्टी दिसते, ती अंड्यांची. मोठ्यांपैकी कोणी ते पान काठीने ओढून घ्यावे, स्वच्छ पाण्यात दोनतीनदा खळबळावे, बरणीत ठेवावे आणि हात साबणाने धुवावेत. हे जंत आईकडून अंड्यात उतरत नाहीत. म्हणून बरणीत जन्मलेली गोगलगाय त्या बाबतीत स्वच्छ. आठपंधरा दिवसांत मोहरीएवढी पिल्ले काचेवर चालू लागतात. मुलांना हा जन्म पाहायला मिळतो, तो नफा वेगळाच.

पुढे तक्रार येते, “गुरुजी, फारच झाल्या हो!” येणारच. यांतल्या कित्येक जातींत एकच जीव नर आणि मादी दोन्ही असतो. एकटी राहिली तरी अंडी घालू शकते. पण खरे कारण बहुधा मुलांच्या मुठीत असते. पोळीचा तुकडा, भाताची शिते, जो तो दयेने काही टाकतो. जेवढे उरते तेवढी वीण वाढते आणि पाणी नासते. गोगलगाय पाणी स्वच्छ करते असा समज आहे, तो अर्धाच खरा. ती शेवाळ खाते खरी, पण तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. पाव हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलावेच लागते. खाणे द्यायचे तर पालकाचे लहानसे पान आठवड्यातून दोनदा पुरे. दर शनिवारी मुलांनी गोगलगायी मोजाव्यात आणि आकडा फळ्यावर लिहावा. महिनाभर खाणे निम्मे करून पाहा, नवी पिल्ले कमी होताना दिसतील. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. तरीही गर्दी असेल, तर रात्री काकडीची फोड तळाशी ठेवावी आणि सकाळी त्यावर जमलेल्यांसह उचलावी.

या उचललेल्या गोगलगायी तळ्यात सोडायच्या नाहीत. उकळते पाणी ओतून खतखड्यात पुराव्यात. ऐकायला कठोर वाटेल. पण १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखप्रेमी गृहस्थाने मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या. तीच शंखी गोगलगाय देशभर पसरली आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन टाकली, तेव्हा त्यात तीही होती. शहरातल्या दुकानांत काचेच्या टाकीसाठी पिवळ्याधमक गोगलगायी विकतात, त्यांचे कूळ दक्षिण अमेरिकेचे. त्यांची एक भावकी १९८० च्या सुमारास खाण्यासाठी तैवानात नेली, ती सुटली आणि आग्नेय आशियातल्या भातखाचरांना लागली. पाण्याच्या वर, काठीवर किंवा भिंतीवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसला, तर तो या भावकीचा समजावा आणि लगेच चिरडावा.

राहिली मे महिन्याची सुट्टी. पातळ शंखाच्या गोगलगायी एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी द्याव्यात. दाराच्या गोगलगायीची सोय तिची तीच करते. तिची पांढरी अंडी पाण्यात नसतात, काठच्या ओल्या मातीच्या खळग्यात असतात. तीही आणून, धुऊन, ओल्या मातीवर ठेवून वाढवता येतात. मोठी झालेली गोगलगाय उन्हाळ्यात माठातल्या ओल्या चिखलात ठेवावी आणि माठ सावलीत असावा. चिखल सुकत गेला की ती आत शिरून दार लावून घेते आणि न खाता महिनेच्या महिने पडून राहते. जूनमध्ये शाळा उघडली की माठात पाणी घालावे आणि मुलांना भोवती बसवावे. दार उघडायला वेळ लागतो, घाई करू नये. दुर्गंधी येत असेल आणि झाकण सैल पडले असेल तरच ती मेली असे समजावे.