थुंब्याचे ऋण



२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा परदेशात राहणाऱ्या आम्हा सर्वांचा ऊर अभिमानाने भरून आला. परंतु या यशाचा पाया कोणाच्या भूमीवर उभा राहिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तिरुवनंतपुरमजवळील थुंबा हे मच्छीमारांचे गाव. चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ असल्याने अग्निबाण-तळासाठी त्याची निवड झाली. मच्छीमार कुटुंबांनी घरे सोडली, आपले चर्चही दिले. त्याच चर्चमध्ये शास्त्रज्ञांचे कार्यालय थाटले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या किनाऱ्यावरून पहिला अग्निबाण झेपावला.

आज उपग्रह समुद्राचा रंग व तापमान टिपतात. त्यावरून मासळी कोठे मिळेल, हे किनाऱ्यावर कळविले जाते. ही त्या ऋणाची अंशतः फेड होय. मात्र नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ उसळले, तेव्हा त्याच जिल्ह्यातील अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्या होड्यांपर्यंत पोहोचला नाही. कित्येक जण परतलेच नाहीत. त्यानंतर भारताच्या दिशादर्शक उपग्रहांद्वारे होडीवर संदेश देणारी उपकरणे पुढे आली.

ज्यांनी भूमी दिली, त्यांच्या शेवटच्या होडीपर्यंत हे ज्ञान पोहोचावे, असा आग्रह आम्ही मायदेशाकडे सातत्याने धरला पाहिजे. अभिमान बाळगण्याचा अधिकार आम्हास त्यानेच प्राप्त होईल.

जय भीम! जय भारत!