देवीपाशी बोललेला शब्द

देवीच्या उपासनेविषयी दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. विषय मोठा, वक्त्याचा अधिकार अल्प. म्हणून एकाच प्रश्नापुरते बोलतो.

आम्हां पाठशाळेत शिकलेल्यांना एक खोड असते. नवस बोलणाऱ्या बायामाणसांकडे आम्ही किंचित हसून पाहतो. निष्काम उपासना श्रेष्ठ, हे वाक्य ओठांवर तयारच असते. मग मुलाच्या दुखण्यासाठी किंवा लेकीच्या अडलेल्या लग्नासाठी देवीपुढे पदर पसरणारी माउली आम्हांस सौदा करणारी वाटू लागते. हे हसणे शास्त्राला धरून आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

सप्तशतीचा पाठ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नवरात्रात होतो. मार्कंडेयपुराणातील हे तेरा अध्याय. पाठाच्या वेगात तेराव्या अध्यायापर्यंत येता येता वाचणारा दमलेला असतो, आणि नेमकी तेथील कथा कानावरून निघून जाते. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि स्वजनांनी घराबाहेर काढलेला समाधी वैश्य, दोघेही नदीच्या काठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे एकाच नेमाने देवीची आराधना करतात. देवी प्रसन्न होते. राजा राज्य मागतो, या जन्मीचे आणि पुढल्या जन्मीचेही. वैश्य मागतो ते ज्ञान; 'मी' आणि 'माझे' यांचे बंधन ज्याने तुटते ते. येथे पुराणकाराला राजाची कानउघाडणी करण्यास पुष्कळ वाव होता. देवीने तसे केले नाही. तिने दोघांनाही मागितले ते दिले आणि राजाला पुढे सावर्णी मनू होण्याचे वरदानही दिले. ज्या ग्रंथाच्या आधारे आम्ही देवीची उपासना सांगतो, त्या ग्रंथाचा शेवटच मुळी एका फळलेल्या नवसाने झाला आहे.

त्या ग्रंथातील चार स्तुतींकडेही याच दृष्टीने पाहावे. पहिली ब्रह्मदेवाने मधुकैटभांच्या भयाने केलेली, आणि तिसरी स्वर्गातून हाकलले गेलेल्या देवांनी हिमालयावर जाऊन केलेली. महिषासुराच्या वधानंतरची दुसरी आणि शुंभाच्या वधानंतरची चौथी, या दोन्ही संकट टळल्यावरच्या. म्हणजे दोन मागण्यासाठी आणि दोन मिळाल्यावर. आपली मराठी भाषा नवस 'बोलते' आणि नवस 'फेडते'. देवांचाही क्रम तोच दिसतो. अर्गलास्तोत्राविषयी तर बोलावयासच नको. त्यात रूप, जय आणि यश किती वेळा मागितले आहे हे पाठ करणाऱ्यास ठाऊकच आहे.

मागणे गौण नाही, हे मान्य झाल्यावर मात्र शास्त्र कठोर होते. 'व्रत' हा शब्द 'वृ' म्हणजे वरणे, निवडणे, या धातूवरून आला असे महामहोपाध्याय काणे यांनी मानले आहे. आपण होऊन पत्करलेला नेम तो व्रत. मीमांसक सांगतात की नित्यकर्म यथाशक्ति केले तरी चालते, परंतु फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे केले पाहिजे. निष्काम म्हणवणाऱ्याला सवलत आहे, मागणाऱ्याला नाही. हे आमच्या हसण्याच्या अगदी उलट झाले!

दुसरा नियम प्रतिनिधीचा. आज दूरध्वनीवरून सांगून ओटी भरवता येते, घरबसल्या पैसे पाठवून पाठ करवता येतो. यात अधर्म आहे असे मी म्हणत नाही. तथापि धर्मशास्त्रीय निबंधांत काम्य कर्मात प्रतिनिधी नाही असे म्हटले आहे आणि लगेच काहींचे मत दिले आहे की कर्माला आरंभ झाल्यानंतर प्रतिनिधी चालतो. पुढे आजार आला, वार्धक्य आले, तर पुत्र, भार्या, बंधू किंवा पुरोहित यांनी ते तडीस न्यावे. संकल्प मात्र ज्याचा त्याने उच्चारावा. मला ही व्यवस्था फार समंजस वाटते. पाय थकले तर दुसऱ्याचे घेता येतात, जीभ उसनी घेता येत नाही.

गेल्या नवरात्रात इंदुराहून आलेल्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "शास्त्रीबुवा, माझ्या आजेसासूबाईंनी बोललेला नवस आमच्या घराकडून राहून गेला आहे. तो मला लागतो का हो?" मी म्हणालो, "आजी, ग्रंथ पाहून सांगतो." आजी हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही पाहा सावकाश. मी ओटी भरून आले." पूर्वजांचे ऋण फेडावे हे सर्वमान्यच आहे, पण त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, हे मला अधिक आवडले.

असा वंशपरंपरेने चालत आलेला शब्द पाहावयाचा असेल तर गोमंतकात कुंकळ्ळीस जावे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, हे आपण सर्व कुळावी जाणतोच. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. त्याच कुंकळ्ळीत १५८३ साली उठाव झाला, पाच जेझुइट पाद्री मारले गेले, आणि पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी तेथील प्रमुख गावकऱ्यांना ठार केले. गावातील पुष्कळ घराणी ख्रिस्ती झाली.

आणि तरीही दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत देवीची पालखी फातर्प्याहून निघते आणि आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीस येते. बरोबर बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, गुलालाने वाट लाल होते. एरवी भक्त देवीच्या यात्रेला जातात. येथे देवीच यात्रेस निघते. त्या बारा वांगडांतील कित्येक घरे आज ख्रिस्ती आहेत. तीही या उत्सवात आपला मान सांभाळतात. धर्म पालटला तरी त्या घरांनी हे नाते तोडले नाही. त्यांना कोणत्या निबंधकाराने प्रमाण दिले होते, हे मी शोधत बसलो नाही.

दिवस उलटला की पालखी फातर्प्यास परतते, कारण देऊळ आता तेथे आहे. वर्षानंतर छत्र्या पुन्हा उघडतात.

सायंपूजेची वेळ झाली आहे. ज्यांना उद्या पाठास बसावयाचे आहे त्यांनी संकल्पाच्या वेळी स्वतः उपस्थित राहावे, एवढी सूचना गुरुजींच्या वतीने करून आपली रजा घेतो.