दर्यातले मोठे पाकट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण सेक्रेटरीबाईंनी "तुमच्या माहेरचे काहीतरी सांगा" असा आग्रह धरला. माझे माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, सासर इथे अंधेरीत. तेव्हा मी सांगणार ते मासळीचेच. आणि त्यात आपल्या मंडळाच्या भिशीचे पैसेही आहेत!

तीन वर्षांपूर्वी माझा भिशीचा नंबर लागला. ते पैसे मी दादाला नव्या जाळ्यासाठी दिले. दोनच महिन्यांनी ते जाळे त्याने भर समुद्रात स्वतःच्या हाताने कापले. का, तर त्यात भलेमोठे पाकट अडकले होते. मी इतकी रागावले की महिनाभर माहेरची पायरी चढले नाही. वहिनीचे निरोप आले, तेही परतवले.

आपण बाजारात पाहतो ते पाकट नव्हे हे. याला मांटा म्हणतात. पूर्ण वाढले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मीटरसुद्धा भरते, म्हणजे आपल्या या हॉलमध्ये मावायचे नाही. तोंडाजवळ शिंगांसारखे दोन पंखे असतात. त्यांवरून याच्या लहान भावंडांना इंग्रजीत 'डेव्हिल रे', म्हणजे सैतान पाकट, असे नाव पडले. नाव सैतानाचे, पण खाणे पाण्यातले बारीक जीव गाळून! मांटाच्या शेपटीला टोचणारा काटाही नसतो.

याला कोणी मुद्दाम धरायला जात नाही. जाळे लावतात सुरमई-कुपीसाठी. पाण्यात भिंतीसारखे उभे असते. हे पाकट पोहत येते आणि गुरफटते. त्याला मागे सरता येत नाही आणि पोहणे थांबले की श्वास थांबतो. पाण्यातला जीव पाण्यातच गुदमरतो.

माझा राग उतरला तो एका जुन्या आठवणीने. मी दहा-अकरा वर्षांची असताना बंदरावर असेच एक सैतान पाकट आणून टाकले होते. ओढाताणीत ते व्याले. पंख गुंडाळलेले एकच पिल्लू बाहेर आले. मी आईला विचारले, "बाकीची कुठे आहेत?" आई म्हणाली, "बाकीची नसतात, बाय." सुरमई एका वेळी लाखांनी अंडी घालते. मांटाची मादी वर्षभर पोटात वाढवते ते बहुधा एकच पिल्लू, आणि पुढचे व्हायला दोन ते पाच वर्षे जातात. एक मादी गेली तर तिची जागा भरायची कधी?

बरे, त्याच्या मांसाला मोल थोडे. परदेशात त्याचे वाळवलेले कल्ले औषध म्हणून विकले जातात, त्यामुळे हा व्यापार वाढला. २०१३ साली मांटाच्या व २०१६ साली सैतान पाकटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध ठरले. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तीत मांटाचे नाव आले. आणि संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना आपल्या राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये काढली. दादाला हे ठाऊक होते. पण भरपाईला फोटोचा पुरावा लागतो, आणि त्या गडबडीत फोटो कोण काढणार? पैसे गेले ते गेलेच. ते मला आजही थोडे लागते, खोटे कशाला सांगू!

सोडण्याचीही रीत आहे. शिंगाला किंवा शेपटीला धरून ओढू नये, कल्ल्यात आकडा घालू नये. होता होईल तो पाण्यातच मोकळे करावे. दादा म्हणाला, "ते सुटल्यावर लगेच गेले नाही, बाय. जरा वेळ बोटीखालीच होते."

आपण बायका समुद्रावर जात नाही, पण पाटीपाशी आपणच बसतो. खारवलेले जाड, काळपट मांस स्वस्तात दिसले तर कोळणीला विचारा, "कशाचे ग हे?" ती माझीच कोणीतरी मावशी-आत्या असेल, रागावणार नाही. लहान पाकटाचे कालवण मीसुद्धा करते. ते सोडा असे मी म्हणत नाही.

गेल्या नारळी पुनवेला मी माहेरी गेले होते. दादाने बोटीवर मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला आहे, फोटोसाठी. आणि माझा भिशीचा नंबर पुन्हा केव्हा लागतो, ते वहिनीने हळूच विचारून घेतले.