दरडोई सरासरी आणि एकटीचे घर



शेजारशेजारची दोन घरे कल्पून पाहा. एका घरात पती-पत्नी व दोन लहान मुले असून महिन्याचा खर्च १२,००० रुपये आहे. दुसऱ्या घरात एकटी विधवा राहते. तिचा खर्च ३,६०० रुपये. दरडोई हिशेबाने पहिल्या घराला ३,००० आणि विधवेला ३,६०० रुपये येतात. म्हणजे कागदावर तीच अधिक सुखवस्तू ठरते!

यात दोन गोष्टी निसटतात. एक, मुलाची गरज प्रौढाएवढी नसते. दुसरी अधिक महत्त्वाची: घरभाडे, दिवा, सरपण यांचा खर्च माणसांच्या प्रमाणात वाढत नाही. एकटीलाही चूल पेटवावीच लागते. म्हणून अर्थशास्त्रज्ञ कुटुंबाच्या गरजा 'समतुल्यता श्रेणी'ने मोजतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सुधारित श्रेणीत पहिल्या प्रौढास १, पुढील प्रत्येक प्रौढास ०.५ आणि मुलास ०.३ भार दिला जातो. त्यानुसार आपले चौघे २.१ एकके होतात. एककामागे सुमारे ५,७१४ रुपये पडतात.

अर्थात ही श्रेणी श्रीमंत देशांच्या राहणीवर बेतलेली आहे. आपल्या ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात २०२३-२४ मध्ये अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के होता, आणि भाकरी काही दिव्याच्या उजेडासारखी सर्वांना एकच पुरत नाही. म्हणून बचत कमी मानू, चौघांना ३.२ एकके धरू. तरीही ३,७५० रुपये येतात आणि विधवा मागेच राहते.

ज्याँ द्रेझ व पी. व्ही. श्रीनिवासन यांनी १९९७ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून नेमके हेच दाखवले. ग्रामीण भारतात दरडोई खर्चाच्या निकषावर विधवा अधिक गरीब दिसत नाहीत. मुलांचे भार बदलूनही चित्र पालटत नाही. मात्र एकत्र राहण्यातली थोडीशी काटकसर जरी हिशेबात धरली, तरी एकट्या विधवा आणि अविवाहित मुलांसह राहणाऱ्या विधवा यांच्यातील दारिद्र्य सरासरीहून अधिक ठरते.

आपल्या दारिद्र्यरेषा दरडोईच राहिल्या. रंगराजन गटाने २०१४ मध्ये २०११-१२ साठी ग्रामीण रेषा दरमहा ९७२ रुपये ठरवली आणि पाच जणांच्या कुटुंबासाठी ४,८६० रुपये सांगितले, म्हणजे सरळ पाचपट. एकटीसाठी मग ९७२च! वास्तविक पाहणीच्या मूळ नोंदींत प्रत्येक सदस्याचे वय व लिंग असते. दरडोई आकड्याशेजारी समतुल्य आकडा मांडण्यास नवी पाहणी लागत नाही.