सोडून देण्यातून घट्ट होणारी नाती



 आज एकच प्रश्न मांडतो. सजीवांमधले दुवे उत्क्रांतीच्या ओघात घट्ट का होत जातात? सहकार्य फायद्याचं असतं म्हणून, असं आपण जीवशास्त्राचे शिक्षक वर्गात सांगतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. जोडीदार जे काम करतो, ते स्वतः करण्याची क्षमता पिढ्यान्‌पिढ्या गळत जाते आणि मग परतीची वाट उरत नाही. दुवा घट्ट होण्यामागे मिळवण्याइतकाच गमावण्याचाही वाटा असतो.

पेशीतच पाहा. तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नव्या जोमानं मांडला. आज माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिनं वावरतात. त्यांतली फक्त १३ तिच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. बाकीच्यांची जनुकं केंद्रकात आहेत. श्वसनसाखळीत दोन्हीकडची प्रथिनं एकमेकांत नेमकी बसावी लागतात. एका बाजूच्या बदलानं जोड बिघडला, तर तो सावरणारा दुसऱ्या बाजूचा बदल निवडीत टिकतो. तंतुकणिका आता बाहेर जगू शकत नाही आणि आपणही तिच्याविना जगू शकत नाही.

हे कसं घडतं, याचा सुरेख पुरावा यीस्टमधून मिळाला. पेशीतले कप्पे आम्लधर्मी ठेवणाऱ्या एका पंपात प्रथिनांचं कडं असतं. बहुतेक सजीवांत ते दोन प्रकारच्या प्रथिनांचं असतं, बुरशीवर्गात मात्र तीन. जो थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी पूर्वज-प्रथिनं पुन्हा घडवून २०१२ साली दाखवलं, की एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि प्रत्येक प्रतीनं शेजाऱ्याशी जुळण्याची एकेक क्षमता गमावली. त्यामुळे दोन्ही अपरिहार्य ठरल्या. पूर्वज-प्रथिन मात्र एकटंच दोघांचं काम करू शकत होतं.

आता आपल्या दारातला उंबर घ्या. त्याची फुलं फळासारख्या दिसणाऱ्या बंद गोळ्याच्या आत असतात. वारा तिथे पोचत नाही, मधमाशी पोचत नाही. पोचतं ते केंबरू, एक चिमुकला कीटक. गंधाच्या मागानं आलेली मादी इवल्याशा तोंडातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. ती परागीभवन करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी समागम करतात, गोळ्याला भोक पाडतात. परागकण घेऊन माद्या त्या वाटेनं उडतात. त्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतला गोळा सापडला नाही, तर सारं संपलं. उंबरानं इतर कीटकांना दार बंद केलं, केंबरानं इतर झाडं सोडली. त्या उंबरावर मग हरियाल, धनेश, वटवाघळं, खारी पोसतात.

मित्रहो, इथेच आपली जबाबदारी सुरू होते. घट्ट दुवा बळकट असतो, पण त्याला पर्याय नसतो. एका झाडावरचे गोळे साधारण एकाच वेळी तयार होतात. म्हणून केंबरांना परिसरात वेगवेगळ्या अवस्थांतले अनेक उंबर लागतात. रस्त्यासाठी दहा जुने उंबर तोडून दूर कुठे दहा रोपं लावली, की हिशेब कागदावर जुळतो. दुवा मात्र तुटलेलाच राहतो.

म्हणून माझा आग्रह आहे. जातींची नावं शिकवताना त्यांचे दुवेही शिकवू या. प्रत्येक शाळेनं जवळच्या एका उंबराची वर्षभर नोंदवही ठेवावी. गोळे कधी धरले, केंबरं कधी बाहेर पडली, खायला कोण आलं, हे मुलांनी लिहावं. त्या वह्या वृक्षतोडीच्या प्रत्येक सुनावणीत आपण पुरावा म्हणून ठेवू. ज्याला पर्याय नाही, ते तोडण्याआधी उत्तर मागण्याचा अधिकार या मुलांना आहे, आणि ते उत्तर मागायला शिकवणं हे आपलं काम आहे.