झेंडा धरणारा सोबती

गोल्फ या खेळाविषयीं पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हा एकट्यानें खेळावयाचा खेळ. चेंडू ज्याचा त्याचा, काठी ज्याची त्याची, आणि फटक्यांचा हिशेबही ज्याचा त्याचा. प्रतिपक्षी आपला चेंडू अडवीत नाहीं कीं परतवीत नाहीं. हें सारें खरें. परंतु या खेळांत एक क्षण असा येतो कीं, तेव्हां खेळणाराचें अर्धें काम दुसऱ्याच्या हातांत असतें. त्या क्षणाविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

गोल्फच्या प्रत्येक टप्प्याचा शेवट ग्रीनवर होतो. ग्रीन म्हणजे गालिच्याप्रमाणें बारीक कापलेली हिरवळ. तिच्यांत सव्वाचार इंच व्यासाचा एक होल असतो. आपल्याकडील गोट्यांच्या खेळांत जशी गल, तसाच हा. मात्र त्याचें माप सेंट अँड्र्यूज येथील स्कॉटिश संस्थेनें १८९१ सालीं ठरविलें आणि तेंच आज जगभर चालतें. एवढासा खळगा दुरून दिसावा म्हणून त्यांत झेंड्याची काठी उभी करितात. चेंडू ग्रीनवर पोंचला म्हणजे तो घरंगळत होलांत घालावयाचा. या हलक्या फटक्यास पट म्हणतात. परंतु चाळीसपन्नास फुटांवरून होल नीट दिसत नाहीं. काठी ठेवावी तर चेंडू तिच्यावर आदळण्याचें भय. काढावी तर नेम कशावर धरावा ही अडचण. यावर तोड अशी निघाली कीं, सोबत्यानें काठी धरून उभें राहावें आणि चेंडू निघतांच ती उचलून घ्यावी.

२०१८ सालच्या अखेरपर्यंत याबाबतचा नियम कडक होता. ग्रीनवरून मारलेला चेंडू होलांतील काठीस लागला, तर एकूण फटके मोजण्याच्या सामन्यांत दोन फटक्यांचा दंड होई, आणि एकास एक सामन्यांत तो होलच हातचा जाई. खेळणाराच्या संमतीनें सोबत्यानें काठी धरली आणि वेळेवर काढली नाहीं, तरी दंड खेळणाराच्याच माथीं बसे. ढिलाई एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला! म्हणूनच या कामाचा शिष्टाचार इतक्या काळजीनें जपला गेला.

काम दिसावयास सोपें आहे. पण तें करण्याची रीत आहे. प्रथम विचारावें: ‘झेंडा ठेवूं, काढूं, कीं धरूं?’ निवड खेळणाराची. आपण परस्पर काठीस हात लावूं नये. नंतर होलाकडे जातांना कोणाच्याही चेंडूच्या वाटेवर पाऊल पडूं देऊं नये. कारण पावलानें दबलेलें गवत चेंडूची दिशा बदलूं शकतें. काठी हात लांब करून धरावी, म्हणजे आपले पाय होलाच्या कडेपासून दूर राहतात. आपली सावली होलावर किंवा चेंडूच्या मार्गावर पडत नाहींना, हें पाहावें. वारा असेल तर झेंड्याचें कापड काठीशीं मुठींत धरावें. त्याची फडफड नेम धरणाराचें चित्त विचलित करिते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, फटका बसण्यापूर्वींच काठी किंचित् हलवून सैल करून ठेवावी. ऐन वेळीं ती अडकून बसली, तर चेंडू येऊन ठेपतो आणि काठी निघत नाहीं. जोर करावा तर होलांतील अस्तरपात्र तिच्याबरोबर वर येण्याचा संभव. काठी सरळ वर उचलून बाजूस व्हावें आणि ती दूर नेऊन अलगद ठेवावी. फेंकूं नये, कारण ग्रीनवर पडलेला खड्डा मागून येणारास भोंवतो. ज्याचा चेंडू प्रथम होलांत जाईल त्यानें काठी ताब्यांत घ्यावी आणि शेवटच्या गड्याचें आटोपतांच परत लावावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

आतां यांतील मर्म पाहा. ज्याच्यासाठीं आपण झेंडा धरतों, तो बहुधा आपला प्रतिस्पर्धी असतो. त्याचा पट चुकला तर लाभ आपला. तरीही त्याला होल नीट दिसावा, त्याच्या वाटेंत कांहीं येऊं नये, याची चिंता आपण वाहावयाची! पदोपदीं पंच नसलेला हा खेळ अशा विश्वासावरच उभा आहे.

१९६९ सालच्या रायडर कपाची गोष्ट याच जातीची आहे. इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथें शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या ग्रीनवर अमेरिकेच्या जॅक निकलसनें आपला पट घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोनतीन फुटांचा पट उरला होता. तो चुकला असता तर विजय अमेरिकेचा होता. निकलसनें जॅकलिनच्या चेंडूची खूण स्वतः उचलून तो पट त्याला देऊन टाकला, आणि सोळासोळा अशी बरोबरी झाली. त्याच्या कांहीं सोबत्यांना हें रुचलें नाहीं. पण आज त्या स्पर्धेंतील इतर फटके विसरले गेले आहेत, ही कृति मात्र सांगितली जाते.

२०१९ पासून नियम बदलला. खेळ जलद व्हावा म्हणून, काठी होलांत तशीच ठेवून पट मारला व चेंडू तिला लागला, तरी आतां दंड नाहीं. धरलेल्या काठीस चेंडू चुकून लागला तरी नाहीं. २०२० सालीं साथीच्या दिवसांत तर काठीस कोणी स्पर्शच करूं नये, असेंच पुष्कळ ठिकाणीं ठरलें. मग झेंडा धरण्याचा शिष्टाचार इतिहासजमा झाला काय? मला तसें वाटत नाहीं. काठी ठेवावी, काढावी वा धरवून घ्यावी, ही मुभा खेळणारास आजही आहे. एकाला काठी हवी असते, दुसऱ्याला नको असते. अशा वेळीं दर फटक्यास विचारण्याचा आणि न कुरकुरतां ऐकण्याचा गुण पूर्वींपेक्षां अधिक लागतो. दंडाच्या भयानें होणारें सौजन्य गेलें. आतां उरेल तें मनापासूनचें.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशांत झेंडा धरण्याचें काम बहुधा कॅडी करितो आणि ग्रीन राखण्याचें काम माळी. त्यांच्याकडे आपलें लक्षही जात नाहीं. परंतु कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबांतील एका ग्रीन राखणाराचा मुलगा, शिवशंकर प्रसाद चौरासिया, २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियन ओपन जिंकून गेला. तेव्हां झेंडा धरणाराचे आभार मानावयास विसरूं नये. जिंकणाराचें नांव फळ्यावर लागतें. झेंडा धरणाराचें कोठेंच लागत नाहीं. तें निदान ज्याच्यासाठीं तो उभा राहिला त्याच्या स्मरणांत असावें.