गच्चीवरचा रविवार

आजचा भाग तसा निवांत आहे. कोड नाही, मुलाखतीची तयारी नाही, करिअरचा सल्ला तर अजिबात नाही. थंडीतला एक रविवार आहे फक्त, आमच्या घरचा, आंबेगाव तालुक्यातला. विणकाम, पाखरं आणि व्यायाम, बास. पण हे सगळं गच्चीवर चालतं, आणि ते गच्चीवर का चालतं हे सांगायला मला बिबट्यापासून सुरुवात करावी लागेल.

डिंभ्याचं पाणी आलं आणि घोड नदीच्या खोऱ्यात ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, पाणी, आडोसा. बिबट्याला अजून काय पाहिजे? माद्या उसातच वितात. थंडीत कारखाने सुरू होतात, तोड लागते, आणि एकेक रान मोकळं झालं की बिबट्या शेजारच्या रानात सरकतो. तोडीत बछडे सापडले तर वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर त्यांना तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. बऱ्याचदा आई येऊन घेऊन जाते. हे छान वाटतं ऐकायला. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पलीकडे शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, तीन आठवड्यांच्या आसपास तीन जण गेले. त्यात दोन लहान मुलं. मंचरला लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. त्यानंतर आमच्याकडचं पहाटेचं फिरणं बंद झालं ते झालंच.

आता पप्पांना शुगर आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पहाटे साडेपाचला नदीपर्यंत जाऊन यायची त्यांची पंधरा वर्षांची सवय. उजाडल्यावर चाला म्हटलं तर धारा, दूध डेअरीला, पाणी भरणं, वेळच नाही. मग गच्ची. आमची गच्ची तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे एक फेरी शंभर फुटांची. तीन किलोमीटरला साधारण ९८ फेऱ्या होतात. पप्पा शंभर धरतात. मोजायला मी ॲप देतो म्हटलं, तर त्यांनी दहा चिंचोके काढले. दहा फेऱ्या झाल्या की एक चिंचोका कठड्याच्या या टोकाकडून त्या टोकाला. बॅटरी संपत नाही, म्हणे. आणि दर वीस फेऱ्यांनी उलट दिशेने फिरतात, नाहीतर सारखं एकाच बाजूला वळून गुडघा धरतो. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, गुडघ्यानेच शिकवलं. मी तेवढ्यात बारा सूर्यनमस्कार उरकतो. उरकतो हाच शब्द बरोबर आहे.

पाखरांचं दाणापाणी आधी अंगणात असायचं. तेही वर आणलं. कारण सरळ आहे. अंगणात दाणे सांडले की कोंबड्या आणि उंदीर येतात, उष्टं पडलं की कुत्री येतात, आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. म्हणून बाजरीची कणसं आता गच्चीच्या पाइपला उलटी टांगलीयेत. चिमण्या लटकून खातात, खाली सांडलेलं होले टिपतात. पपईची फोड ठेवली की बुलबुल येतो. कुणी ऐकणारे नवीन सुरू करणार असाल तर शेव, फरसाण, ब्रेड नका हो ठेवू. बाजरी किंवा तांदळाची कणी, आणि मातीच्या परळात रोजचं ताजं पाणी, पुष्कळ झालं. भोरड्या मात्र गच्चीवर फिरकत नाहीत. त्या थव्याने येतात आणि ज्वारीवर उतरतात. मध्य आशियातून इतक्या लांब येऊन आपली ज्वारी खातात, आणि आजी त्यांना जी शिवी देते ती मी इथे सांगू शकत नाही.

पाखरांचा अजून एक उपयोग आहे. त्या रविवारी दुपारी साळुंक्या उसाच्या बांधावर एकदम कलकलायला लागल्या. पप्पा त्रेसष्टाव्या फेरीला थांबले. आईच्या सुया थांबल्या. बांधापलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या आहेत, तिथे एक बाळ झोळीत होतं. पप्पा वरूनच ओरडले, "अहो ताई, लेकराला घ्या आधी!" तिने धावत येऊन उचललं. पाच मिनिटांनी उसातून बाहेर आलं ते मुंगूस. सगळे हसलो. पण तिने बाळ दिवसभर खाली ठेवलं नाही. आम्ही गच्चीवर आहोत, ती कोपीत. तिला गच्ची कुठली?

आता विणकाम. खुरपायला वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो आणि तो मानेवर झेप घेतो, म्हणून काही जण शेतात गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. शेजारच्या काकूंकडे तो आहे. थंडीत लोखंड गार पडतं आणि मान सोलवटते. आईने त्यांच्यासाठी आतून घालायचा लोकरीचा पट्टा विणायला घेतला, आणि हिशोब माझ्याकडे दिला. नमुना विणून पाहिला, दहा सेंटिमीटरमध्ये वीस टाके. मान ३८ सेंटिमीटर, म्हणजे ७६ टाके. दोन सुलट, दोन उलट, चारच्या पटीत बरोबर बसतं. मी खूश. आई म्हणाली, "७२ घाल. ही वीण ताणते, सैल झाला तर पट्ट्याखाली गोळा होईल." मागे टिचबटण लावलं, गाठ नाही, झटकन निघायला हवं म्हणून. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. म्हणून आईने जुना खरा लोकरीचा स्वेटर उसवला, माझा शाळेतला.

बिबटे पकडून दुसरीकडे सोडा, असं सगळेच म्हणतात. २००१ नंतर जुन्नर भागात ते करून झालंय. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्यामुळे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. माझ्या मते आधी शेतीला दिवसा वीज द्या. रात्री मोटर चालू करायला कुणाला शिवारात जावं लागू नये. बाकीचं नंतर बोलू.

संध्याकाळी काकू पट्टा न्यायला आल्या. घालून बघितला, मान इकडे-तिकडे वळवली. "टोचत नाही गं आता. पण उन्हं वर आली की घाम येईल यात." आई काही बोलली नाही. आत जाऊन सुती दोऱ्याचा गुंडा घेऊन आली आणि परत ७२ टाके घालायला बसली.